ग्रामपंचायती, नगरपालिका एकत्र येऊन दिल्लीला धोरण बदलायला लावू शकतात का?

शकतात. पण संघटना काढली, निवेदन दिलं, फोटो छापून आणला, एवढ्याने नाही. मी एक टर्म सरपंच होते (थेट जनतेतून, सदस्यांच्या मेहेरबानीवर नव्हे), म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

२०२१ मध्ये राज्याचा आदेश आला की दिवाबत्तीची बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या, निधीतून भरा. त्या निधीतला ६० टक्के आधीच बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्क्यांत अख्खं गाव. त्यात खांबावरच्या दिव्यांची जुनी थकबाकी घातली की ग्रामसभेने आराखड्यात धरलेली अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानभूमीचं शेड, सगळ्यावर काट. तालुक्यातले सरपंच एका मंगल कार्यालयात जमले. मी म्हटलं, पैसा केंद्राचा आहे, तर केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयालाच लिहू. गावोगाव ठराव, मसुदा एकच, शब्दसुद्धा बदलायचा नाही. टाळ्या पडल्या. घरी आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही गटारीचं बघा. दिल्लीचं खासदार बघतील."

मग फोन सुरू झाले. "ताई, तुमच्या गावचा पंचवीस-पंधराचा रस्ता मंजुरीला आहे ना?" २५१५ हे लेखाशीर्ष (गावातल्या कामांसाठी राज्याच्या खर्चाचं खातं) काय आहे ते सरपंचाला सांगावं लागत नाही. आमदारांच्या शिफारशीशिवाय त्यातला रुपया हलत नाही. निम्म्या गावांचे ठराव आलेच नाहीत. आले त्यांतल्या काहींत सूचक-अनुमोदकाची नावं कोरी, आणि एकात तर शेवटी आमदारांच्या अभिनंदनाचा परिच्छेद! गठ्ठ्यावर पंचायत समितीने आवक शिक्का मारला. पुढे चौकशीला गेलं की त्या टेबलावर नवाच माणूस बसलेला.

आपल्याकडे ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत. पण निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपापले सरपंच मोजतो आणि बेरीज एकूण गावांच्या पुढे जाते. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्या एका सुरात बोलल्या तर कुणालाही घाम फुटेल, आणि म्हणूनच त्यांना एका सुरात बोलू देत नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

दिल्लीला ऐकायला लावलं ते ओडिशातल्या नियमगिरीच्या गावांनी. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेदांत कंपनीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. रायगडा आणि कालाहांडीतल्या बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. ते निवेदन नव्हतं, वनहक्क कायद्याने हातात दिलेला अधिकार होता. फरक तिथे आहे.

दुसरं उदाहरण पैशाचं. चौदाव्या वित्त आयोगाने सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या सदस्यांनी ओरड केली, आणि पंधराव्यात त्यांचा वाटा परत आला. आपल्याकडे दहा-दहा टक्के त्यांना, ऐंशी आम्हाला. म्हणजे ओरड पोचते, पण ती करणाऱ्यांची पक्षात वट हवी.

नगरपालिका, महापालिकांचं गणित वेगळं. अखिल भारतीय महापौर परिषद आहे, पण आपल्या महापौराकडे मान असतो आणि अधिकार आयुक्तांकडे. मुंबईत तर मार्च २०२२ नंतर काही वर्षं प्रशासकच होते, परिषदेला जाणार कोण? आणि नियमगिरीचा दाखला सरसकट लावू नका, जिथे वनहक्कांचा प्रश्नच नाही अशा गावाच्या ठरावाला ते वजन नसतं.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर वित्त आयोगापासून सुरुवात करा. पंचायतींच्या पैशाबद्दल शिफारस करणं हे घटनेनेच त्याचं काम ठरवलंय, म्हणजे केंद्राच्या पैशाबद्दल सरपंचाने बोलणं ही आगाऊपणाची गोष्ट नाही. हे भाऊजींसाठीही लिहितेय. ज्या गटारीचं बघायला सांगत होता, तिचा पैसाही दिल्लीतूनच यायचा. त्यांचा मुलगा आता पॅनलमधून उभा राहतोय. त्याला मी सांगितलंय, मसुदा स्वतः टाइप करून घे, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, आणि रस्त्याबद्दल फोन आला की स्पीकरवर टाक, चावडीवर बसून.