जनसुरक्षा : जनांची की जनांपासून?

प्रश्न असा आला आहे : 'ह्यूमन सिक्युरिटी'ला मराठीत मानवी सुरक्षा म्हणावे, मानवी सुरक्षितता म्हणावे, की सरळ जनसुरक्षा? सोबत अनुवादातले एक अडलेले वाक्यही आहे : 'सुरक्षा धोरणाच्या केंद्रस्थानी लोकांची सुरक्षा आणि स्वातंत्र्ये असावीत.'

वाक्य अडते, कारण त्यातल्या दोन 'सुरक्षा' एक नाहीत. क्रियापदे लावून बघा. सुरक्षा पुरवतात, वाढवतात, एखाद्या आमदाराची काढूनही घेतात. म्हणजे ती व्यवस्था झाली : बंदूकधारी, गाड्या, कडे. संरक्षण मागतात आणि देतात. तिथे देणारा कोणीतरी लागतो, म्हणून खाते 'संरक्षण' खाते आणि अर्ज 'पोलीस संरक्षणासाठी'. सुरक्षितता मात्र कोणी काढून घेत नाही. ती असते, वाटते किंवा धोक्यात येते. ती माणसाची अवस्था आहे. आणखी एक खूण म्हणजे मराठीत 'असुरक्षितता' रोजच्या वापरात आहे, 'असुरक्षा' हिंदीतून आल्यासारखी वाटते. चौकाचौकात सुरक्षा असूनही मोहल्ल्यात असुरक्षितता असू शकते. असे म्हणताना आपल्याला काही विसंगत वाटत नाही, ते यामुळेच.

1994च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने 'ह्यूमन सिक्युरिटी'ची कल्पना मांडली तेव्हा तिचा रोख याच अवस्थेकडे होता. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक हे त्यामागचे मुख्य डोके. सीमा आणि शस्त्रे यांपुरता सुरक्षेचा हिशेब न मांडता अन्न, आरोग्य, रोजगार, पर्यावरण, व्यक्तीचा जीव, समाजातले आणि राजकारणातले स्थान अशा सात अंगांनी तो मांडा, असे अहवाल म्हणतो. न दगावलेले मूल आणि गप्प न केलेला विरोधक, दोघेही त्याच्या व्याख्येत बसतात. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक माजी उच्चायुक्त सादाको ओगाता आणि अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या आयोगाने 2003मध्ये तीच मांडणी विस्ताराने केली. तेव्हा कौल 'सुरक्षितता'ला.

आता 'जनसुरक्षा'. शब्द सुटसुटीत आहे, पण त्याचा विग्रह करून पाहा. अन्नसुरक्षा म्हणजे अन्नाची शाश्वती, ही षष्ठी. अग्निसुरक्षा म्हणजे आगीची काळजी घेणे नव्हे, आगीपासून बचाव. ही पंचमी, शाळेत शिकलेल्या 'चोरभय'सारखी. सामासिक शब्दात विभक्तीचा प्रत्यय गळतो आणि संदर्भ नसेल तर कळत नाही की 'जन' हे वाचवायचे आहेत की त्यांच्यापासून वाचायचे आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावरचा वाद बऱ्याच अंशी याच गळलेल्या प्रत्ययाचा होता. जुलै 2024मध्ये ते पहिल्यांदा मांडले गेले, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै 2025मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. सरकारचे म्हणणे षष्ठीचे : नक्षलवादी संघटनांपासून जनांची सुरक्षा. विरोधकांची शंका पंचमीची : व्याख्या इतकी सैल असेल तर निदर्शने करणारे जनच त्यात सापडतील. (शंका हवेतून आलेली नाही. 1971च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याने, म्हणजे 'मिसा'ने, मराठीला आणीबाणीत 'मिसाबंदी' हा शब्द दिलाच आहे.) हे नाव आता त्या विधेयकाशी जोडले गेले आहे, म्हणून तुमच्या अनुवादात तरी टाळा.

'मानवी' आणि 'राष्ट्रीय' ही विशेषणेही प्रत्यय लपवतातच. म्हणून मी एक पाऊल पुढे जाऊन 'माणसांची सुरक्षितता' किंवा 'लोकांची सुरक्षितता' सुचवेन. पारिभाषिक संज्ञाच हवी असेल तिथे 'मानवी सुरक्षितता' चालेल.

ही कल्पना मराठीला उपरी आहे असे मात्र कोणी समजू नये. चिपळूणजवळ हलवर्णला छावणी पडली असताना शिवाजी महाराजांनी तिथल्या जुमलेदारांना, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना, लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लष्कराने पावसाळ्यासाठीचा दाणागोटा आधीच उधळला, तर पुढे शिपाई कुणब्याकडचे दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील. मग जीव मुठीत धरून राहिलेले कुणबीही गाव सोडतील आणि त्यांना मोगल आले त्याहून तुम्ही अधिक वाईट वाटाल, असा त्या मजकुराचा आशय. राखणारे लष्करच रयतेला 'तसवीस' देऊ शकते, हे ते पत्र गृहीतच धरते. तसवीस म्हणजे त्रास, उपद्रव. मला हा शब्द फार आवडतो. आपल्या शासकीय मराठीत त्याला जागा नाही, त्याऐवजी 'नागरिकांची गैरसोय' असते.

'अभय' सुचवणारे कोणी भेटेल. मोह आवरा. अभय वरचा खालच्याला देतो, आणि ज्याने दिले तो परतही घेऊ शकतो. 'भयमुक्ती' बरी, पण तंटामुक्त, हागणदारीमुक्तच्या रांगेत ती योजनेचे नाव वाटते.

राहता राहिले 'स्वातंत्र्ये'. कायद्याच्या मराठीत हे अनेकवचन चालते, वाक्यात मात्र खडा लागतो. बोलण्याचे, फिरण्याचे, संघटना करण्याचे असे नाव घेऊन लिहिले तर एकवचन पुरते. तुमचे वाक्य मी असे लिहीन : 'सुरक्षेचे धोरण ठरवताना लोकांची सुरक्षितता आणि त्यांचे बोलण्या-फिरण्याचे, संघटना करण्याचे स्वातंत्र्य आधी पाहावे.' 'केंद्रस्थानी' मुद्दाम काढले आहे. ते ठेवायचेच असेल तर निदान पहिली 'सुरक्षा' आणि दुसरी 'सुरक्षितता' एवढा भेद राखा.