हार घालण्याआधी स्टेअरिंग तपासा

प्रश्न : काका, आमच्या घरात पहिल्यांदाच ट्रॅक्टर येतोय. गाव नंदगडजवळ, शेती भाताची, थोडा ऊस. बँकेचं कर्ज मंजूर झालंय, डिलिव्हरी दसऱ्याला ठरलीय. आमच्या गल्लीत एकांनी नवा ट्रॅक्टर आणला, तो पहिल्या दिवसापासून उजवीकडे ओढत होता. शोरूमवाले म्हणाले, वापरून वापरून सुटेल. सुटला नाही. आम्हाला मशीनमधलं फारसं कळत नाही. ताबा घेण्याआधी स्टेअरिंगचं काय काय बघायचं?
– एक वाचक भगिनी, ता. खानापूर

उत्तर : ताई, ‘वापरून सुटेल’ हे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बाबतीत थोडंफार खरं असतं. नवे भाग एकमेकांत बसायला काही तास जातात. स्टेअरिंगला ते लागू नाही. ढिला बॉल जॉइंट वापरून घट्ट होत नाही, वाकलेला टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं जोडणारा दांडा, चालवून सरळ होत नाही. पहिल्या दिवशी दिसलेला दोष हंगामात वाढतोच. तुम्ही ताबा घेण्याआधी विचारलंत, याचा मला फार आनंद झाला.

आधी मुहूर्ताचं बोलतो, कारण खरी अडचण तिथेच असते. दसऱ्याला आणि पाडव्याला बेळगावातल्या शोरूमसमोर ट्रॅक्टरांची ओळ लागलेली असते. घरची माणसं टेम्पो करून आलेली, हार-नारळ-पेढे तयार, फोटोवाला घाई करतोय. अशा वेळी ‘पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या’ म्हणायचा धीर कुणाला होत नाही. तेव्हा पूजा दसऱ्यालाच करा, तपासणी मात्र आदल्या दिवशी सकाळी, उजेडात. बुकिंगच्या वेळीच हे सांगून ठेवा. चासी नंबर आणि इंजिन नंबरचा फोटो काढून घ्या. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर मिळतोय ना, हे त्यावरून कळेल. गावात ज्याचा हात ट्रॅक्टरवर बसलाय असा एक माणूस सोबत न्या. एक मोजपट्टी, खडू आणि पुठ्ठ्याचा मोठा तुकडा घ्या. एवढ्यानं भागतं.

पोचल्यावर लगेच इंजिन सुरू करू देऊ नका. पुठ्ठा पुढच्या अॅक्सलखाली सरकवा आणि वाकून बघा. पॉवर स्टेअरिंगचा सिलिंडर, त्याचा चकचकीत दांडा आणि होस पाइपांचे जोड कोरडे हवेत. टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट असतात, त्यांवरचं रबर बोटानं चाचपा. तुमच्याकडे चिखलणी होते म्हणून हे मुद्दाम सांगतोय. रबर फाटलेलं असेल तर खानापूरचा लाल चिखल आत शिरतो, ग्रीस बाहेर येतं आणि जॉइंट एका पावसाळ्यात वाजायला लागतो. जिथे खाचेचा नट आहे तिथे आरपार स्प्लिट पिन घालून तिची टोकं वळवलेली असायला हवीत. पिनच नसली तर त्या दिवशी दुसरं काही बघायची गरज नाही, आधी पिन घालायला सांगा.

मग मेकॅनिकला सांगून मागची चाकं अडवून घ्या आणि पुढचा भाग जॅकवर उचलून घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. वर-खाली खटक लागली तर हबचं बेअरिंग किंवा किंग पिन (चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ) ढिली; आडवी खटक लागली तर टाय रॉडच्या जोडांत प्ले, म्हणजे ढिलेपणा. चाक हातानं फिरवलं की खरखर न करता फिरायला हवं.

ट्रॅक्टर खाली घेतल्यावर मोजपट्टी लागेल. दोन्ही पुढच्या टायरांवर आतल्या बाजूला, समोरून, हबच्या उंचीवर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. ट्रॅक्टर सावकाश पुढे ढकलून त्या खुणा मागच्या बाजूला, त्याच उंचीवर येऊ द्या आणि पुन्हा मोजा. बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरांत पुढचं माप मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असतं, त्याला टो-इन म्हणतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका उघडून मेकॅनिकसमोरच जुळवा. फरक बोटभर निघाला तर टाय रॉड नीट लावलेला नाही, टायर एका हंगामात एका कडेनं झिजतील.

आता इंजिन सुरू करा. ‘बघा, एका बोटानं फिरतं’ असं सेल्समन दाखवेल, पण चालत्या ट्रॅक्टरवर कुठलंही पॉवर स्टेअरिंग हलकं लागतं. कोरड्या काँक्रीटवर उभ्या ट्रॅक्टरवर, कमी आरपीएमला, पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे आणि परत फिरवा. सगळ्या फेरीत जोर सारखा लागायला हवा, मध्येच झटका किंवा जडपणा नको. किती वेढे लागले ते दोन्ही दिशांना मोजा. आकडा जवळपास सारखा यावा. शेवटच्या टोकाला शिट्टीसारखा आवाज येतो, तो जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा, त्यात दोष नाही. तिथे स्टेअरिंग दाबून धरू नका, तेल तापतं. टोकाला चाक असताना होस पाइप कुठे घासत नाही ना, टायर बॉनेटला किंवा पत्र्याला लागत नाही ना, ते दुसऱ्यानं खाली उभं राहून बघावं. अंगणात त्याच मॉडेलचा दुसरा ट्रॅक्टर उभा असेल तर त्यावरही बसून हेच करा. शंभर शब्दांत जे सांगता येत नाही ते दोन स्टेअरिंगं लागोपाठ फिरवली की हाताला कळतं.

सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हीच लोक सोडतात : ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम झाल्यावर पुन्हा तपासा. गार तेल दाट असतं. पंप कमजोर असला किंवा आतल्या आत तेल सुटत असलं तरी ते दाटपणात झाकून जातं. गरम झाल्यावर वेढे वाढले, कमी आरपीएमला जड लागलं, किंवा टोकाला क्षणभर धरल्यावर स्टेअरिंग भराभर सरकत राहिलं, तर दोष आहे. तेलात फेस दिसला तर कुठून तरी हवा ओढली जातेय. आता पुठ्ठा परत खाली सरकवून त्यावर तेलाचे थेंब पडतात का बघा. शेवटी इंजिन बंद करून स्टेअरिंग फिरवा. खूप जड जाईल, पण चाकं वळायला हवीत. चढ-उताराच्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं तर तेवढाच आधार असतो.

ओढण्याचं बघायला शांत, सपाट रस्ता घ्या. हायवे नको. ट्रॅक्टर डीलरच्या ट्रेड नंबरवर (नोंदणी न झालेल्या गाडीसाठी डीलरला मिळालेला नंबर) आणि त्यांच्या माणसासोबतच बाहेर न्या. एकदा जाताना आणि एकदा येताना बघा, कारण रस्ता कडेला उतरता असतो आणि ट्रॅक्टर त्या उताराला जातो. दोन्ही वेळा एकाच हाताला गेला तरच तो ओढतोय म्हणायचं. त्यातही आधी पुढच्या दोन्ही टायरांची हवा मोजा. वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा कधी कधी तशीच राहून जाते. मग ब्रेक. ट्रॅक्टरला डावा-उजवा वेगळा ब्रेक असतो; रस्त्यावर दोन्ही पेडल जोडून चालवायचं असतं. एक ब्रेक जास्त धरत असेल तर दाबल्यावर ट्रॅक्टर वळतो आणि शिव्या स्टेअरिंगला बसतात. तुमच्या गल्लीतल्या ट्रॅक्टरची हवा, टो-इन आणि उजवा ब्रेक या क्रमानं बघायला सांगा. उजव्या ब्रेकची बाजू नुसतं चालवूनही तापत असेल तर कारण तिथेच सापडेल.

फोर-व्हील ड्राइव्ह घेत असाल तर डांबरी रस्त्यावर पुढचं ड्राइव्ह सोडून तपासा, नाहीतर वळणावर जड लागणारच. आणि पॉवर स्टेअरिंगवरची मूठ दर वेळी त्याच जागी येत नाही, म्हणून घाबरू नका. स्टेअरिंग आणि चाकांमध्ये लोखंडी जोड नसून तेल असतं, त्यामुळे ती थोडी सरकते. साध्या स्टेअरिंगला रिंगवर थोडा प्ले असतोच. किती चालतो, ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

काही निघालं तर डिलिव्हरी चलनावर सही करू नका. ‘सर्व्हिसला आणा, बघू’ असं म्हणतील. पहिली सर्व्हिस बहुतेक ट्रॅक्टरांत ५० तासांना येते. तोवर तुम्ही चिखलात उतरलेले असाल आणि ‘तुमच्या वापरानं झालं’ असं ऐकावं लागेल. दोष तिथेच दुरुस्त करून मागा. मुहूर्तापायी घ्यायचाच असेल तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर दोष, तारीख, तासमीटरचा आकडा लिहा आणि डीलरचा सही-शिक्का घ्या. कानडीत जमत नसेल तर मराठीत लिहा. कर्जाची रक्कम डीलरकडे नेमकी कधी जाते, हे घरच्यांना बँकेत आधीच विचारून घ्यायला सांगा. तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन ती रक्कम जाईपर्यंत असतं.

प्रश्न : मी निपाणी भागातला. ट्रॅक्टर कोल्हापूर जिल्ह्यातल्या डीलरकडून घेतला, नोंदणी कर्नाटकात. स्टेअरिंग सिलिंडर वॉरंटीत असताना दोनदा गळला. तो डीलर म्हणतो, तुमच्या राज्यात दाखवा. इकडचे म्हणतात, जिथे घेतला तिथे जा. तक्रार कुठे करू?

उत्तर : दादा, सीमेवर राहणाऱ्यांना दोन्हीकडून टोलवणं नवीन नाही, पण इथे कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९८६ च्या ग्राहक कायद्यात समोरचा पक्ष जिथे आहे किंवा व्यवहार जिथे घडला तिथे जावं लागायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे तुम्ही बेळगावला करू शकता, कोल्हापूरला हेलपाटे नकोत. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग चालतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

त्याआधी डीलर आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ वेळा तेवढ्यावरच कंपनीचा माणूस येतो. दोन्ही वेळचं जॉब कार्ड जपून ठेवा. त्यावर नुसतं ‘जनरल चेकिंग’ लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळी ‘स्टेअरिंग सिलिंडर गळती’ असं लिहून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर सोडू नका. एक सावधगिरी : ट्रॅक्टर स्वतःच्या शेतीसाठी आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी असेल तर तुम्ही ग्राहक ठरता. ड्रायव्हर ठेवून भाड्यानंच फिरवत असाल तर समोरचा वकील ‘हा धंदा आहे’ म्हणेल. तक्रारीत वापर स्पष्ट लिहा, सातबारा किंवा पहाणीचा उतारा जोडा.

प्रश्न : उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या की चढावर स्टेअरिंग एकदम हलकं होतं, फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. नवा आहे. स्टेअरिंग बदलून मागू का?
– एक वाचक, ता. हुक्केरी

उत्तर : रिकामा ट्रॅक्टर नीट वळत असेल तर दोष स्टेअरिंगचा नाही, पुढची चाकं जमिनीवर पुरेशी टेकत नाहीत. ट्रॅक्टरच्या एकूण वजनातलं निदान २० टक्के पुढच्या अॅक्सलवर राहायला हवं. ट्रॉली ठरलेल्या खालच्या हुकालाच लावा. उंच जोडली की तीच पुढचा भाग उचलते. पुस्तिकेत दिलेली पुढची वजनं बसवून घ्या, आणि पहिल्या ट्रॉलीचा ऊस तिच्या पुढच्या तोंडाला जास्त रचू नका. एवढं करूनही चढावर पुढचं चाक उचलत असेल तर त्या रस्त्यावर एकच ट्रॉली न्या, दुसरी परत येऊन.