'परवानगी नाकारली' नव्हे. आणि सॉकेटचे डुकराशी नाते

प्रश्न असा आहे: लिनक्सच्या मॅन्युअलमधल्या नेटवर्क एररचे मराठी करताना 'ईकॉनरिफ्यूज्ड' (ECONNREFUSED) या जोडणी न झाल्याच्या कोडला 'परवानगी नाकारली' म्हणावे का, आणि 'ईनॉटसॉक' (ENOTSOCK, 'हे सॉकेट नाही') या कोडमधल्या सॉकेटला, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूच्या नेटवर्क-जोडणीच्या टोकाला, काय म्हणावे?

पहिल्याचे उत्तर: नाही. परवानगी हा ईअ‍ॅक्सेसचा, म्हणजे 13 नंबरच्या 'परवानगी नाही' या कोडचा प्रांत. ईकॉनरिफ्यूज्डमध्ये परवानगी द्यायला पलीकडे कोणी बसलेलेच नसते. त्या पोर्टवर (यंत्राच्या त्या नंबरच्या दारावर) एकही प्रोग्रॅम ऐकत नाही, म्हणून समोरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर आरएसटी, म्हणजे जोडणी तोडणारे पॅकेट, धाडून मोकळा होतो. (फायरवॉलचा रिजेक्ट नियमही हाच कोड देऊ शकतो, ड्रॉप, म्हणजे पॅकेट गुपचूप टाकून देणे, असेल तर नुसती वाट पाहणे आणि शेवटी 'वेळ संपली' सांगणारा ईटाइम्डआउट.) 'सर्व्हर बिझी होता म्हणून रिफ्यूज केलं' हे तर रोज ऐकावे लागते. बॅकलॉग (स्वीकारायच्या राहिलेल्या जोडण्यांची रांग) भरला की लिनक्स डीफॉल्ट सेटिंगवर सिन (जोडणी मागणारे) पॅकेट गिळून गप्प बसतो, नकारसुद्धा देत नाही! तेव्हा 'जोडणी नाकारली' लिहा आणि पुढे 'त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही' एवढे जोडा. प्रोग्रॅम फक्त 127.0.0.1 वर (यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) बांधलेला असला तरी बाहेरच्याला हेच दिसते.

आता सॉकेट. परिभाषावाले 'खोबण' सुचवतात. बल्बपुरते ठीक आहे, पण त्यांनी शब्दाचे मूळ पाहिलेले दिसत नाही. अँग्लो-फ्रेंच 'सोकेट' म्हणजे नांगराच्या फाळासारखे भाल्याचे पाते. 'सोक' म्हणजे फाळ, त्याच्या मागे केल्टिक 'सुक्को', आणि तो बहुधा डुकराच्या नावाशी जोडलेला, कारण फाळ जमीन उकरतो ती डुकराच्या मुस्कटासारखी. म्हणजे आपल्या 'सूकर'चे हे लांबचे भाऊबंद. इंग्रजी कोश इथे 'बहुधा' म्हणून अंग काढून घेतात. त्यांनी पाणिनी उघडावा: 'हलसूकरयोः पुवः' (3.2.183). 'पोत्र' हा एकच शब्द, अर्थ दोन: नांगराचा फाळ आणि डुकराचे मुस्कट. युरोपात जी जोडी अंदाजाने लावतात, ती आपल्याकडे सूत्रात बांधलेली आहे. माझ्या मते 'बहुधा' खोडून टाकायला एवढे पुरे. फाळाच्या किंवा पात्याच्या बुडाशी दांडा बसवायला पोकळी असते, तिथून 'खाच' हा अर्थ आला असावा. 'खोबण' म्हणजे शेपूट धरून हत्ती सांगणे झाले. 'सॉकेट'च ठेवा.

आणि मॅन्युअल सुधारायलाच बसला असाल तर कनेक्टच्या (जोडणी मागणाऱ्या कॉलच्या) पानावरचा ईअ‍ॅगेन ('पुन्हा करून पाहा') हा कोड नीट वाचा. लोकल पोर्ट संपले की हा कोड येतो, असे तिथे पूर्वी लिहिलेले होते; कर्नल प्रत्यक्षात 'पत्ता उपलब्ध नाही' सांगणारा ईअ‍ॅडरनॉटअव्हेल देतो. ते पुढे दुरुस्त झाले. पण राउटिंग कॅशमध्ये (पॅकेटच्या वाटांच्या साठवणीत) जागा नसल्याचे कारण मात्र, आयपीव्ही4 ची ती कॅश 2012 साली कर्नलच्या 3.6 आवृत्तीत काढून टाकल्यानंतरही, कित्येक वर्षे तसेच छापले जात राहिले. ते वाक्य मराठीत उतरवू नका. कोडचे आकडेही मजकुरात घालू नका: ईकॉनरिफ्यूज्ड लिनक्सवर 111 असतो, तर मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर 61.