अक्कलदाढ काढताना खूप दुखतं का? नंतर काय होतं?

काढताना दुखत नाही, कारण भूल दिलेली असते. दाब आणि ओढ मात्र जाणवते. कटकट आवाजाने घाबरू नका. (मला तरी दुखण्यापेक्षा आवाजाचाच त्रास जास्त झाला.) खरी परीक्षा नंतर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तोंडही पूर्ण उघडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी जपा. पहिले 24 तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉ नको, सिगारेट तर नकोच. गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि तीन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. तसं झालं, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.