‘काही नाही सर’ म्हणतो, पण पार्किंगमध्ये रडतो

ताई, मी सांगलीत एका फायनान्स कंपनीच्या शाखेचा मॅनेजर आहे. वसुलीच्या टीममधला २६ वर्षांचा एक मुलगा आधी सगळ्यांना हसवायचा. हल्ली गप्प असतो, उशिरा येतो, डबा न उघडता परत नेतो. परवा पार्किंगमध्ये गाडीवर बसून रडत होता. विचारलं तर ‘काही नाही सर’. मन घट्ट कर, चार दिवस गावी जाऊन ये, असं मी म्हटलं. एचआरला कळवू का? मी काही डॉक्टर नाही.
— एक मॅनेजर

तुम्ही डॉक्टर नाही ते ठीकच आहे, आजाराचं निदान तुमच्याकडे कोण मागतंय? त्याचं काम मात्र तुमच्या हातात आहे आणि ते कुठल्याच डॉक्टरच्या हातात नाही.

‘मन घट्ट कर’ पुन्हा म्हणू नका. मन घट्ट करूनच तो रोज कामावर येतोय. आणि गावाहून परत येईपर्यंत त्याची खाती पुढच्या बकेटमध्ये, म्हणजे आणखी जुन्या थकबाकीच्या गटात, गेलेली असणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याला एकट्याला गाठा. टपरीवर नको, तिथे बाकीची पोरं असतात. जे दिसलं तेवढंच बोला: “डबा परत नेतोस, काळजी वाटते. कामाचं काय जड जातंय?” मग गप्प बसा. पुन्हा ‘काही नाही सर’ येईल. त्याचं अप्रेझल तुम्ही लिहिता, तो लगेच कसा बोलेल? चार दिवसांनी परत विचारा.

एचआरकडे त्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. नाव न घेता एवढंच विचारून ठेवा, की कंपनीच्या ग्रुप आरोग्यविम्यात मानसोपचार कितपत बसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं लागतं. पण ओपीडीचा खर्च बऱ्याच पॉलिसींत नसतो, ते आधी बघा.

जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर ‘जीव द्यायचे विचार येतात का’ हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना बोलवा, सिव्हिलला न्या. तिथे गुप्तता वगैरे बघू नका. एरवी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याला द्या. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

आता तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे येते. पत्रात त्याबद्दल काही नाही, पण असणारच! वसुली एजंटांनी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. म्हणजे हप्ता थकवणाऱ्याला संध्याकाळ मिळाली. वसुली करणाऱ्याला मात्र रात्री १० ला ग्रुपवर ‘आज किती आले?’ येतं, खाली नावानिशी यादी, तळाची नावं लाल. ती यादी उद्यापासून बंद करा. ज्याचा आकडा त्याला वेगळा सांगा, तोही दिवसा. आणि महिनाभर या मुलाला लांबचा रूट देऊ नका, शिव्या देणारी जुनी खाती तर अजिबात नकोत.

एरिया मॅनेजर विचारतीलच. सांगा, हा सोडून गेला तर नव्या पोराला गल्ल्या नि कर्जदार कळेपर्यंत तिमाही निघून जाईल. हा हिशोब त्यांना पटकन कळतो.