कोथिंबिरीची जुडी आणि ट्रकचा काटा

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बेसलच्या जे-शून्य (J₀) या गणिती फलनाची घातमालिका, म्हणजे क्षच्या वाढत्या घातांच्या पदांची बेरीज, पायथॉनमध्ये लिहिली. क्ष 10 असो की 30, उत्तर जमतं. 50 ला मात्र आकडा हजारांत जातो. एमपीमॅथ (हवे तितके अंक धरून आकडेमोड करणारी पायथॉनची लायब्ररी) 0.0558 सांगतं. सर म्हणाले, पदं वाढव. 100 ची 500 केली, आकडा ढिम्म हलत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : प्रोग्रॅम बरोबर आहे. आणि पदं कितीही वाढव, शंभराच्या पुढे नुसती धूळ उरते.

घोळ मधल्या पदांत आहे. एकेक पद छापून बघ. 1, मग उणे 625, मग 97656.25... असं फुगत फुगत (पहिल्या 1 चा क्रमांक 0 धरून) 24 आणि 25 क्रमांकाची पदं 10 च्या 19व्या घाताच्या तिपटीवर जातात. (दोन्ही तंतोतंत सारखी, चिन्हं उलटी. गंमत आहे.) पायथॉन दशांश संख्या ज्या साच्यात ठेवतं त्या डबलमध्ये सोळाएक अंक मावतात. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ लगतच्या दोन डबलमधलं अंतरच 4096 असतं! तुला हवेत शतांश, ते बेरीज चालू असतानाच गळाले.

माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात मापाडी होते. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, ट्रक कोथिंबिरीच्या जुडीसकट तोलायचा, मग जुडी काढून तोलायचा आणि वजाबाकी करायची, चालेल का? ते हसले. ‘‘त्या काट्याला जुडी दिसतच नाही गं.’’

30 ला सगळ्यात मोठं पद 10 च्या 11व्या घाताच्या घरात असतं, म्हणून चारएक दशांश स्थळं निभावतात. तेवढ्यावर तू ‘जमतं’ म्हणालास. पुढचे अंक ताडून बघितलेस का?

आता उपाय. एमपीमॅथमध्ये अंकांची मर्यादा 40 कर आणि तुझीच मालिका चालव. एकोणीसएक अंक बरोबर येतील. मात्र क्ष 50.1 असेल तर तो एमपीमॅथला अवतरणचिन्हांत दे. नाहीतर तो आधी डबल होतो, सतराव्या अंकाच्या आसपास बिघडतो आणि मग तुझे चाळीस अंक त्या बिघडलेल्या संख्येचं उत्तर इमानदारीत काढत बसतात. हे मी स्वतः दोन दिवस घालवून शिकले आहे.

मला विचारशील तर 50 ला मालिका वापरूच नये. मोठ्या क्षला हे फलन मंदावत जाणाऱ्या कोसाइनसारखं वागतं. 2 ला (पाय, म्हणजे π, गुणिले क्ष) ने भाग, वर्गमूळ घे, त्याला (क्ष वजा पाय चतुर्थांश) च्या कोसाइनने गुण. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर 0.0561 येतं. त्या कोसाइनमध्ये त्याच कोनाचा साइन भागिले 8 क्ष एवढं मिळव, मग गुण, की 0.05581. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेव मात्र.