पुस्तक मिटून काढलेला नकाशा

प्रिय मुली,

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी दोन-तीनदा मोठा करून पाहिला. मधोमध निळ्या वर्तुळात 'महाराष्ट्रातील दुष्काळ', चार रंगांच्या चार फांद्या, अक्षर तर छापल्यासारखं. या एका माइंड मॅपवर, म्हणजे विषयाच्या या नकाशावर, तुझी अख्खी संध्याकाळ गेली असणार. खाली तू लिहिलंस, 'सर, पण उत्तर लिहायला बसले की काहीच सुचत नाही.' ते वाचून मला वाईट वाटलं, कारण तुझ्या कष्टात काही कमी नाही. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या फांद्या आहेत कारणे, परिणाम, उपाय आणि शासकीय योजना. आता मधला 'दुष्काळ' खोडून तिथे 'महापूर' लिहून बघ. नाहीतर 'कुपोषण'. फांद्यांना धक्काही लागत नाही. याचा अर्थ त्या दुष्काळातून फुटलेल्याच नाहीत. गाइडमधले मथळे आहेत ते, आणि त्यांच्याकडे पाहून पुढचा शब्द आपोआप सुचत नाही.

त्याऐवजी विषयातल्याच वस्तू घे. पाऊस, पीक, मजूर, पैसा. 'पाऊस' लिहिलंस की सह्याद्री येतो, मागोमाग पर्जन्यछाया येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही. 'पीक' म्हटलं की ज्वारी, बाजरी आणि त्यांच्या शेजारी ऊस. 'मजूर' म्हटलं की ऊसतोड, मजुरांची टोळी नेणारा मुकादम, त्याने आगाऊ दिलेली उचल, कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात, आणि हिशेब माणसांचा नाही, कोयत्यांचा होतो. हा एक शब्द फांदीवर असला की त्यातून परिच्छेद निघतो. 'सामाजिक परिणाम' या शब्दातून काय निघणार?

फांद्या झाल्या की मग आडव्या रेघा. तुझ्या चित्रात एकही नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ऊस बघ. 'पीक' फांदीवर तो पाणी पिणारा आहे. 'मजूर' फांदीवर तोच बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला चार-सहा महिन्यांचं काम देणारा आहे. ज्या पिकावर पाणी संपवल्याचा आरोप होतो, त्याच्याच तोडणीवर दुष्काळी गावातली चूल पेटते. या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढलीस की उत्तराचा मुद्दा हाती आला. तो कुठल्या नोट्समध्ये शोधायला नको.

रेघेवर क्रियापद लिहायची सवय लाव. माइंड मॅप लोकप्रिय केला तो टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने, १९७४ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून. त्याच्या पद्धतीत फांदीवर एकच शब्द असतो. त्याच दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी कन्सेप्ट मॅप तयार केला, त्यात दोन शब्दांमधल्या रेघेवरही शब्द लिहावा लागतो. मला दोन्हींची सरमिसळ आवडते. मुकादम 'उचल देतो', कुटुंब 'गाव सोडतं', मुलांची शाळा 'सुटते'. नुसता बाण काढला की आपल्याला संबंध कळलाय असं वाटत राहतं. क्रियापद लिहायला गेलं की कळलाय की नाही ते लगेच दिसतं.

आता न आठवण्याबद्दल. तू नकाशा काढलास तेव्हा पुस्तक समोर उघडं होतं ना? मग तो डोळ्यांतून हातात गेला, डोक्यात थांबलाच नाही. २०११ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी याच गोष्टीची तपासणी केली. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढले. काहींनी मजकूर वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. एका प्रयोगात परीक्षा म्हणून कन्सेप्ट मॅपच काढायला लावला, तरी तेच पुढे. म्हणून नकाशा सोडू नकोस, पुस्तक मिट. वाच, मिट, काढ, आणि मग उघडून दुसऱ्या रंगाने राहिलेलं भर. हा दुसरा रंगच तुझ्या पुढच्या अभ्यासाची यादी.

मला हे उशिरा उमगलं. रोजगार हमी योजना मी कितीतरी वर्षं शिकवली. १९७२ चा दुष्काळ, योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे, १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल, पुढे २००५ चा केंद्राचा कायदा, सगळं तोंडपाठ. एकदा तासाआधी पाठकोऱ्या कागदावर, काही न बघता, तिचा नकाशा काढायला घेतला. 'काम' फांदी पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग यांनी भरून गेली. 'पैसा' ही फांदी मात्र नुसता दांडा राहिली. या मजुरीचा पैसा येत कुठून होता? शोधल्यावर कळलं की त्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावला होता. माझ्याच पगारपत्रकावर दर महिन्याला तो कापलेला दिसायचा! आजही नोकरदाराच्या पगारातून साधारण महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये जातात, तोच हा कर. शहरातल्या पगारातून दुष्काळी गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत गेलेली ती रेघ मी त्या दिवशी ओढली आणि तासाला गेल्या गेल्या आधी तीच फळ्यावर काढली.

सगळ्यालाच नकाशा लागतो असं मात्र नाही. वर दिलेली सालं सरळ रेघेवर मांड, तिथे फांद्यांचा पसारा नको. कलमं आणि व्याख्या पाठच कराव्या लागतात. अॅपबद्दल विचारलं होतंस. फांद्या हलवायला ते सोयीचं आहे, पण पहिला खर्डा पेन्सिलने, आडव्या धरलेल्या मोठ्या कागदावर काढ. आणि परीक्षेत चित्र सजवायला वेळ नसतो. मोठ्या प्रश्नाला दोन-तीन मिनिटांत कच्च्या पानावर चार-पाच शब्द, दोन आडव्या रेघा, मग कुठली फांदी आधी लिहायची त्याचे आकडे. आकडे टाकायला विसरू नकोस, कारण नकाशा चहूकडे पसरतो आणि उत्तर ओळीनेच लिहावं लागतं.

उद्या सकाळी अभ्यासिकेत गेलीस की 'ऊसतोड कामगार' हा विषय घे. वीस मिनिटं वाच, पुस्तक पिशवीत टाक, पंधरा मिनिटांत नकाशा काढ आणि दुसरा रंग लावायच्या आधीच फोटो पाठव. जिथे काही सुचलं नाही तिथे रिकामी फांदी तशीच राहू दे. मला आधी तीच बघायची आहे.

तुझा,
सर